शेट्यांच्या घराची जाहीर नोटीस

"त्वरा करा, त्वरा करा, त्वरा करा! मुदत फक्त पंधरा दिवस!"

दिगूदादानं चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तिथंच थांबला. त्याच्या ऑफिसच्या खिडकीखालून रिक्षा चालली होती. टपावर भोंगा आणि आत बाबालाल. साड्यांचा सेल असो, सर्कस असो, की उद्या नळाला पाणी येणार नाही ही बातमी असो, बाबालाल सगळं एकाच उत्साहात सांगायचा.

"गवंडी गल्लीतलं, श्री. महालिंग शिवाप्पा शेटे यांचं माळवदाचं घर विक्री होत आहे हो! या घरावर कुणाचाही हक्क, हितसंबंध, गहाण, दान, दावा, बोजा, वहिवाट असेल तर आजच भेटा! ॲडव्होकेट दिगंबर हेंद्रे, कोर्टासमोर, पहिला मजला! संधी पुन्हा येणार नाही!"

रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी दादा माझ्याकडं बघतच होता.

"पमे, हे तुझं काम?"

"मी त्याला फक्त नोटीस वाचायला दिली," मी म्हणाले. "त्वरा करा हे त्याचं पदरचं आहे."

"अगं बये, जाहीर नोटीस म्हणजे काय सर्कस आहे का?"

ह्या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. दादानं वकिलीचा डगला केव्हाच खुंटीला लावला. पण अजून लग्नकार्यात भेटला की चारचौघांत मला 'त्वरा करा' म्हणूनच हाक मारतो.

दादा माझा मावसभाऊ. आणि मी प्रमिला पोरे, शिंप्याची मुलगी आणि शिंप्याचीच सून. एस. टी. स्टँडजवळ माझं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. तीन मशिनी, हाताखाली दोन बायका. जागा भाड्याची. मालकानं ती पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं काढलं आणि मला सांगितलं, दसऱ्यापर्यंत सामान हलवा. आमच्या धंद्यात दसरा ते तुळशीचं लग्न हा हंगाम. त्या दिवसांत दुकान बंद राहिलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं आणि गेलेलं परत येत नाही. गावात जागा शोधशोधून माझे पाय दुखले, तेव्हा कुठं शेट्यांचं घर नजरेत भरलं. गल्लीच्या तोंडाशी, पुढं दुकानाजोगी खोली, मागं दोन खोल्या, वर मातीचं सपाट माळवद. भाव परवडण्यासारखा होता, म्हणजे माझ्या पाटल्या मोडल्या तर. मी पाटल्या मोडायला तयार होते. आमच्या ह्यांची हरकत नव्हती. ह्यांची कशालाच हरकत नसायची.

दादानं रीतसर सब-रजिस्ट्रार ऑफिसातून तीस वर्षांचा सर्च घेतला. गहाण नाही, विक्री नाही, कोर्टात दावा नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर एकच नाव, महालिंग शिवाप्पा शेटे, वडिलांच्या मागं वारस म्हणून लागलेलं.

"बघ," दादा म्हणाला, "इतका स्वच्छ उतारा मी दहा वर्षांत बघितला नाही."

"पण भाऊ किती ह्यांना?"

"भाऊ नाही. एकुलता एक मुलगा."

"चुलतभाऊ? सावत्र? दत्तक गेलेला?"

"पमे, कागद बघ की!"

कागदावर माझा भरवसा नव्हता आणि त्याला कारण होतं. माझ्या वडिलांनी अशीच दोन गुंठे जागा घेतली होती. तीन भावांच्या सह्या घेतल्या, पेढे वाटले, पाया खणायला काढला, आणि बेळगावहून चौथा भाऊ आला. मग सतरा वर्षं तारखा. वडील गेले त्या दिवशीही त्यांच्या खिशात पुढच्या तारखेची चिठ्ठी होती. तेव्हापासून कुठलाही व्यवहार म्हटला की मी आधी भाऊ मोजते.

महालिंगअण्णांना मी तोंडावरही विचारलं होतं. नोकरीनिमित्त ते पहिल्यापासून सांगलीला, रिटायर झाल्यावरही तिथंच मुलाकडं राहायचे. कपाळाला विभूती, बोलणं गोड. "अण्णा, काही भानगड नाही ना?" तर ते म्हणाले, "भानगड? अहो बाई, आमच्या घरात कधी कुणाचा आवाज चढलेला नाही." आवाज न चढलेलं घर मी आजवर बघितलेलं नव्हतं, म्हणून मला आणखीच धास्ती वाटली.

शेवटी माझ्या समाधानासाठी दादानं पेपरात जाहीर नोटीस दिली. पेपर असा, की त्याचे वाचक म्हणजे त्यात नोटिसा देणारे वकील.

"दादा, हा पेपर कोण वाचतं?"

"कुणी वाचू नये म्हणूनच तर ह्यात देतात, शहाणे. नोटीस दिली, हरकत आली नाही, विषय संपला."

"आणि चौथा भाऊ?"

दादानं कपाळावर हात मारला. मी मुकाट्यानं नोटिशीचं कात्रण पर्समध्ये टाकलं आणि बाबालालकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या जिन्यात रांग होती.

पहिले आत आले ते कुरणे गुरुजी. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. "शेट्यांच्या कट्ट्यावर मी गेली अठरा वर्षं रोज संध्याकाळी पाच ते सात बसतो," ते म्हणाले. "तुमच्या नोटिशीत वहिवाट आहे. ती माझी आहे."

"गुरुजी, बसण्याला वहिवाट म्हणत नाहीत," दादा म्हणाला.

"मग उठण्याला म्हणतात काय? लिहून घ्या."

दादानं लिहून घेतलं. मग आला भरमू, गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. चाळिशी उलटलेला, पण मिशीला पीळ. मंडळाच्या मांडवाची एक दोरी शेट्यांच्या खिडकीच्या गजाला बांधतात, तो गज मंडळाचा, असं त्याचं म्हणणं.

"अख्खी खिडकी तुमची?" मी घाबरून विचारलं.

"छ्या! एकच गज. डावीकडनं तिसरा. लबाडी करायची न्हाई आपण."

त्याच्या पाठोपाठ शेजारच्या लीलाबाई आल्या. शेट्यांच्या परसातल्या शेवग्याची एक फांदी त्यांच्या अंगणात उतरते. त्या फांदीच्या शेंगा त्यांच्या, पाला मात्र नवीन मालकिणीनं झाडून न्यायचा, असं त्यांना कायम करून हवं होतं. दादा लिहीत होता आणि माझ्याकडं असं बघत होता, की मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

पण मी माझं काम सोडलं नाही. आल्यागेल्या प्रत्येकाला मी विचारत होते, "शेट्यांना भाऊ किती?" आणि प्रत्येकजण शपथेवर सांगत होता, "भाऊ? नाही हो. महालिंगअण्णा एकटाच."

"घरावरनं कधी वाद?"

"वाद? अजिबात न्हाई. सोन्यासारखं घर."

सगळ्यांत शेवटी एक म्हातारी आली. सत्तरीच्या घरातली, काटक, जिना चढून धाप लागलेली. बाकाच्या कडेला टेकली.

"नाव सांगा, मावशी."

"गौराबाई बसप्पा चौगुले. मागच्या बोळात ऱ्हाते."

"आणि हरकत काय आहे?"

"हरकत कसली? त्या माळवदावर मी दर उन्हाळ्यात वाळवण घालते. सांडगे, पापड, कुरड्या. माझ्या घरात ऊन येत न्हाई. तेवढं नव्या मालकिणीनं घालू द्यावं."

दादानं रुमाल काढून तोंडाला लावला. मी तर उघड हसले. "घाला की, आक्का. मला चार पापड द्या म्हणजे झालं!"

तीही हसली. पण उठली नाही. "लिहून घेतलंसा न्हवं?" तिनं विचारलं. "नाव घातलंसा?" दादानं कागद तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ तिनं कागदाकडं बघितलं आणि मग गेली.

पंधरा दिवस संपले. चौथा भाऊ आला नाही, तिसरा नाही, दुसराही नाही. माझ्या जिवात जीव आला. अण्णांकडून किल्ली घेऊन मी मापं घ्यायला घराकडं गेले. मशिनी कुठं बसतील, कपाट कुठं, आरसा कुठं. शिवणाची टेप गळ्यात होती, तीच घेतली.

कुलूप उघडलं, पण दार ढकलता ढकलेना. मी खांदा लावला, लाथ मारली.

"खालनं गुडघा लाव आणि वर उचल," मागून आवाज आला. गौराक्का हातात पिशवी घेऊन उभी होती. मी गुडघा लावला, वर उचललं, दार सुरकन उघडलं. ती माझ्या मागोमाग आत आली. मी जिन्याकडं वळले तशी म्हणाली, "तिसऱ्या पायरीवर पाय नको देऊ. ती हालतीया."

"तुम्ही वाळवणाला इथनंच जाता होय?"

"इथनं कसली? कुलूप असतंय. मी मागनं शिडी लावून चढते. आत पाय ठेवून लई वर्षं झाली." ती भिंतीवरून हात फिरवत होती. "पायरी पहिल्यापासनं हालतीया. बांधली त्याच दिवशी हालली. बापानं गवंड्याला अशा शिव्या दिल्या म्हणतीस! मी विटा देत होते गवंड्याच्या हातात. नऊ वर्सांची असेन."

"कुणाच्या बापानं?"

"कुणाच्या म्हंजे? माझ्या. शिवाप्पा शेट्यानं."

माझ्या हातातली टेप खाली पडली.

"म्हणजे महालिंगअण्णा..."

"धाकटा माझा. कडेवर घेऊन वाढवलाय त्याला."

"आक्का! अहो, मग नोटिशीला आलात तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" तिला खरोखर समजेना. "तुमचा हक्क काय म्हणून इचारलंसा तुम्ही. मला कुठला हक्क असतोय? मी दिल्या घरची. वाळवण घालते, म्हणून तेवढं सांगितलं."

मी मटकन बसले, ती नेमकी तिसऱ्या पायरीवर. मग उठून धावत बाहेर आले. पाच वाजून गेले होते. गुरुजी कट्ट्यावर होते.

"गुरुजी, शेट्यांना बहीण आहे?"

"आहे की. गौराक्का."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरीकडं बघावं तसं. "तुम्ही भाऊ किती, ते विचारलंत. बहिणी किती, हे विचारलं असतंत तर तेही सांगितलं असतं."

गुरुजींचं बरोबर होतं. गावभर मी भाऊ शोधत फिरले. माझ्या वडिलांना भावानं रडवलं होतं ना! बहीण माझ्यासमोर बाकावर येऊन बसली होती आणि मी तिच्याकडं पापड मागितले. आणि मी काय एकटी? दादा वकील, तोही हसला. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि अख्खी गल्ली खरंच सांगत होती, की वाद काही नाही. मुलीचा वाटा ही वादातली गोष्ट असते, हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दादानं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "शिवाप्पांनी स्वतः घेतलेली जागा. मृत्युपत्र नाही. आई आधीच वारलेली. म्हणजे मुलगा-मुलगी निम्मं निम्मं. वारस लावताना मुलीचं नाव सांगितलंच नाही कुणी. आणि ती लग्नानंतर चौगुले झाली, मला तरी कसं कळणार?"

"आता काय करायचं रे?"

"करायचं काय, हक्कसोड! रोज होतात असले कागद. एक सही, एक साडी. उद्या तयार ठेवतो."

खरं सांगते, मला फार हायसं वाटलं. न्याय-बिय काही माझ्या डोक्यात आला नाही. मला घर हवं होतं. मी बाजारात जाऊन चांगली इरकली साडी घेतली, हिरवी, लाल काठाची. ब्लाऊज मी स्वतः शिवून देणार होते.

गौराक्काची एकच खोली, पण चकचकीत सारवलेली. साडी बघून ती हरखली. मी टेप काढली आणि ती लहान मुलीसारखी दोन्ही हात पसरून उभी राहिली. दादानं तेवढ्यात कागद आणि शाईचा पॅड मांडला.

"ह्यानं काय होतंय?" गौराक्कानं विचारलं.

"काही नाही, आक्का. नुसता कागद आहे."

"कागद दिसतोय मला. पर होतंय काय?"

दादानं माझ्याकडं बघितलं. माझी टेप तिच्या दंडाभोवती होती. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर. इतक्या जवळून खोटं बोलायला मला जमत नाही, गिऱ्हाईकाला कापड कमी पडलं तरी मी तोंडावर सांगते.

"तुमचा घरातला निम्मा वाटा तुम्ही अण्णांना सोडला, असं होतंय," मी म्हणाले.

"निम्मा? मला होता व्हय?"

"होता. आहे."

"कवापासनं?"

दादा खाकरला. "वडील वारले तेव्हापासनं. पंचवीस वर्षं."

गौराक्कानं पसरलेले हात हळूच खाली घेतले. मग म्हणाली, "अण्णा सांगलीसनं येतोय असं कळलं की मी वाळवण गुंडाळून पळायची. ओलं असलं तरी. त्यानं बघितलं तर काय म्हणंल? परक्याच्या माळवदावर चढलीया! पंचवीस वर्सं, बाई, कच्चे सांडगे भरून ठेवले मी डब्यात. माझ्याच माळवदावरनं पळत होते की गं मी."

मला मान वर करवेना. त्या दिवशी हसलेली मी, आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं साडीची घडी नीट केली आणि माझ्या हातात दिली. "साडी लई चांगली हाय. पर सही न्हाई."

बोळ संपेपर्यंत दादानं दम धरला. मग फुटला. "कुणी सांगितलं होतं खरं बोलायला?"

"तिनं विचारलं."

"विचारलं म्हणून सांगायचं? आता ती विकते म्हणाली तर घर तुझं. नाही म्हणाली तर विसर. आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास, पमे. दसऱ्याला किती दिवस राहिले?"

"बावीस."

महालिंगअण्णांचा आवाज मात्र त्या दिवशी चढला. दादाच्या ऑफिसात पहिल्या मजल्यावर चढला तो खाली झेरॉक्सच्या दुकानात ऐकू गेला. "वाटा? तिचं लग्न कुणी केलं? दिवाळीला साडी कोण पाठवतं? तिचं नाव घालायचं असेल तर मला हा व्यवहारच नको. माझ्याकडं दुसरं गिऱ्हाईक आहे!"

गिऱ्हाईक खरोखरच होतं. एक बेकरीवाला दुसऱ्याच दिवशी स्कूटरवरून घर बघायला आला आणि कट्ट्यासमोर थांबून गुरुजींना म्हणाला, "काय हो, ह्या घराची काही भानगड नाही ना?" गल्लीला एव्हाना हरकत घ्यायची सवय लागली होती. गुरुजींनी आपली वहिवाट सांगितली, पाच ते सात. भरमूनं तिसरा गज दाखवला. लीलाबाईंनी शेंगांचं आणि पाल्याचं समजावलं. आणि ह्या खेपेला कुणी न विचारता तिघांनी एका सुरात सांगितलं, "आणि निम्मी मालकीण मागच्या बोळात ऱ्हाते." बेकरीवाला स्कूटरवरून उतरलासुद्धा नाही. त्याच्यानंतर आणखी दोघांचं तेच झालं. दहाव्या दिवशी अण्णांचा दादाला फोन आला. "घाला तिचं नाव. निम्मे तिला द्या. मिटवा एकदाचं."

पण अण्णांचं मिटलं म्हणून माझं कुठं मिटत होतं? गौराक्का विकायला तयार कुठं होती! मी चार वेळा तिच्याकडं गेले. चारही वेळा तिनं चहा केला, माझ्या मुलांची चौकशी केली, गुडघेदुखीवरचा काढा सांगितला. घराचं विचारलं की म्हणायची, "इचार करतीया." मी तिला काय म्हणणार? तुम्हाला निम्मं आहे, हे मीच तर सांगितलं होतं. इकडं दुकानाचा मालक रोज येऊन भिंतीची मापं घेत होता. मशिनी मी पोत्यात बांधायला घेतल्या. पाटल्या मोडल्या होत्या. माझा हात उघडा बघून सासूबाई रोज एकदा सुस्कारा सोडायच्या. पाचव्या खेपेला मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "आक्का, काय ते सांगा हो! नाही तर नाही म्हणा."

"कागद करा," ती म्हणाली. "अण्णाला बोलवा. काय सांगायचं ते मी सरकारपुढं सांगते."

"सरकारपुढं म्हणजे?" दादा घाबरला. "रजिस्ट्रारपुढं नाही म्हणाली तर?"

"म्हणाली तर म्हणाली," मी म्हणाले आणि दुकानात जाऊन उरलेली मशीनही पोत्यात बांधली.

दसऱ्याच्या आधी चार दिवस आम्ही सगळे सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात एका बाकावर बसलो होतो. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला गौराक्का, मध्ये मी. भाऊ-बहीण एकमेकांकडं बघत नव्हते. ओळख पटवायला साक्षीदार म्हणून गुरुजी आणि भरमू आलेले. गुरुजींनी नवी टोपी घातली होती. पुकारा झाला, आम्ही टेबलासमोर गेलो.

"महालिंग शिवाप्पा शेटे, हा दस्त तुम्ही लिहून दिला, कबूल आहे?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"कबूल."

"गौराबाई बसप्पा चौगुले, कबूल?"

"आधी वाचून दाखवा."

साहेबांनी मान वर केली. "आजी, चौदा पानं आहेत. जेवायची सुट्टी होईल."

"होऊ द्या की. मला भूक न्हाई."

साहेबांनी दादाकडं बघितलं, दादानं माझ्याकडं. मी दस्त हातात घेतला. खरेदीखत असं कुणी कधी मुळापासून वाचतं का? त्यातलं एखादं वाक्य तिला खटकलं, बापाचं नाव ऐकून मन फिरलं, तर माझं सगळं गेलं. तरी वाचायला लागले. तारीख, गाव, गल्ली, सिटी सर्व्हे नंबर. लिहून देणार क्रमांक एक, महालिंग. मग पुढचं वाचलं.

"लिहून देणार क्रमांक दोन, गौराबाई बसप्पा चौगुले, माहेरचे नाव गौरा शिवाप्पा शेटे, सदर मिळकतीच्या निम्म्या हिश्श्याच्या मालक..."

"थांब," गौराक्का म्हणाली. "ते परत वाच."

मी परत वाचलं.

"अजून एकदा. जरा मोठ्यानं वाच. अण्णाला ऐकू कमी येतंय."

अण्णांचे कान अगदी ठणठणीत होते, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. भरमू फस्सकन हसला, गुरुजींनी त्याला छत्री टोचली. साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घालून बसले. मी खच्चून आवाज काढला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. गौरा शिवाप्पा शेटे, निम्म्या हिश्श्याच्या मालक. वाचताना घराची काळजी त्या क्षणापुरती मी साफ विसरले.

अण्णा टेबलाच्या कडेकडं बघत उभे होते. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. "ऐकलं, आक्का," ते हळू म्हणाले.

तिनं मान हलवली. "हां. आता पुढचं वाच, पोरी."

मी चौदाच्या चौदा पानं वाचली. जेवायची सुट्टी होऊन गेली, कुणी उठलं नाही. शेवटची ओळ संपल्यावर साहेबांनी स्वतः शाईचा पॅड तिच्याकडं सरकवला आणि पुन्हा विचारलं, ह्या वेळी नीट तिच्या तोंडाकडं बघून, "गौराबाई, कबूल आहे?"

तिनं अंगठा शाईवर टेकवला, कागदावर उमटवला, आणि मगच बोलली.

"कबूल," ती म्हणाली. "माझं होतं, म्हणून विकलं."